अजिंक्यतारा आणि खुर्ची

मामींची तीन महिन्यांची साखर ६.२ आली. ५.७ ते ६.४ हा काठावरचा पट्टा. त्याच्या पुढे गेलं की मधुमेह. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. ‘व्यायाम करा, वजन थोडं उतरवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू’ एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कोणता व्यायाम, किती, कधी, हे विचारायचं राहूनच गेलं. ती उणीव मामांनी घरी पोचेपर्यंत भरून काढली : उद्यापासून पहाटे पाचला उठायचं आणि अजिंक्यतारा चढायचा. रोज.

मामा साताऱ्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. कॉलेजची वर्षं कोल्हापूरच्या तालमीत गेली, मोडलेले दोन्ही कान अजून त्याची साक्ष देतात. भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि महिन्यातून एखादा रविवार मामाकडे असते. ही माणसं मी जुळवलेली आहेत. वाद मात्र जुळवावा लागला नाही. घरातल्या कुणाचा तरी रिपोर्ट आला की तो कुठल्याही घरात सुरू होतो.

मामा : तू येण्याआधीच ठरलंय. किल्ला.

भाची : कुणाचं ठरलंय? मामींचं की तुमचं?

मामा : अगं, निम्मा सातारा पहाटे किल्ल्यावर असतो. पंचाहत्तरीचे म्हातारे काठी टेकत चढतात. हिला काय धाड भरलीय?

भाची : ते म्हातारे तिशीपासून चढतायत. मामी याआधी कधी गेल्या होत्या?

मामा : लग्न झाल्यावर गेलो होतो की एकदा.

मामी (आतून) : तेव्हाही तुम्ही पुढे आणि मी मागे.

मामा : समर्थांनी टाकळीला बारा वर्षं रोज बाराशे नमस्कार घातले म्हणतात. सज्जनगडाच्या सावलीत राहणारी माणसं आपण, आणि किल्ला चढायला मुहूर्त शोधायचा?

भाची : समर्थ टाकळीला गेले तेव्हा बारा वर्षांचे होते. मामी अठ्ठावन्नच्या आहेत.

मामा : बरं, लांबचं सोड. औंधच्या पंतप्रतिनिधींनी अख्ख्या संस्थानाच्या शाळांना नमस्कार घालायला लावले. १९३८ साली त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला छापलं गेलं. त्या माणसाने असा थेंबाथेंबाने विचार केला असता तर सूर्यनमस्कार औंधच्या वेशीबाहेर तरी गेला असता का?

भाची : ते राजे होते, मामा. राजाने सांगितलं की शाळेत तास लागतो, घंटा वाजते, मास्तर समोर उभे राहतात. मामींसाठी पहाटे घंटा कोण वाजवणार? साडेपाचला नळाला पाणी येतं. तुम्ही दोघं गडावर असाल तेव्हा पिंप कोण भरणार?

इथे मामा थोडे अडखळले, कारण पाण्याचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता. व्यायामाचे बहुतेक संकल्प गळतात ते अशा ठिकाणी. माणूस आळशी असतो म्हणून नव्हे, तर संकल्प करताना घरातलं पाणी, डबे, पाहुणे आणि पाळीचे दिवस हिशोबात धरलेलेच नसतात म्हणून.

मामा : एक सांग. तुझ्याकडे जे लोक येतात त्यांना तू पाच-पाच मिनिटांचं गाजर दाखवतेस. बरे होतात ते?

भाची : जे येतात त्यातले पुष्कळ मोठ्या संकल्पातूनच आलेले असतात. १ जानेवारीला नवे बूट, वर्षाची फी एकदम भरलेली, आणि २६ जानेवारीला गुडघा घेऊन माझ्या दारात. फी बुडते. त्याहून वाईट म्हणजे ‘आपल्याला व्यायाम झेपत नाही’ अशी त्यांची खात्री होऊन बसते. ती खात्री काढायला मला गुडघ्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

मामा : ते शहरी लोक. एकदम पळायला लागतात. आपण चढणारच आहोत, पळत कोण सुटलंय?

भाची : चढण्याची मला इतकी काळजी नाही, उतरण्याची आहे. चढताना दम लागतो, माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून कुणी थांबत नाही. आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो तो उतरतानाच जास्त. दुसरं असं की स्नायू लवकर ऐकायला लागतो. सुरुवातीची ताकद तर स्नायू वाढूनही येत नाही, आहे तोच स्नायू नीट वापरायला मेंदू शिकतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात वाटायला लागतं की आता जमतंय, वाढवा. पण स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा असते, तिला मजबूत व्हायला महिने लागतात. दुखणं येतं ते नेमकं या मधल्या काळात, उत्साह सगळ्यात जास्त असतो तेव्हा.

मामा : म्हणजे काहीच करायचं नाही.

भाची : असं कुठे म्हणाले? मामी, जरा या. हात पुसून या.

जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तिने भिंतीला टेकवून ठेवली. मागे सरकू नये म्हणून. मामींना पुढच्या काठावर बसवलं. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा जमिनीवर टेकलेल्या, दोन्ही हात छातीवर घडी घातलेले. उठायचं, आणि मग मनात चार म्हणेपर्यंत सावकाश खाली यायचं. धपकन बसायचं नाही. मामींनी पहिल्या दोन खेपा हसत हसत केल्या. तिसऱ्या वेळी खाली येताना शेवटच्या वीतभर अंतरात त्या सुटल्यासारख्या बसल्या. चौथ्या वेळी उठताना हात आपोआप गुडघ्यावर गेला.

भाची : बस. रोज तीन.

मामा : तीन?

भाची : तीन. पाणी भरताना. पिंप भरेपर्यंत मोरीपाशी उभं राहायचंच असतं, तिथे खुर्ची ठेवा.

मामा : अगं, तालमीत पोरगं लंगोट बांधेपर्यंत तीन बैठका मारून मोकळं होतं! तीनने काय साखर उतरणार आहे?

भाची : तीनने उतरणार नाही. ती जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी थोडी उतरेल. दुपारी आणि रात्री जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं चालायचं. चालताना मांड्या-पोटऱ्या रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही.

मामा : म्हणजे शतपावली. हे आमची आजी फुकट सांगायची. त्यासाठी तू साडेचार वर्षं शिकलीस?

भाची : शिकल्यावर कळलं की आजी बरोबर होती. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम हवा. आधी त्यात एक अट होती, सलग दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर धरायचं नाही. २०२० साली ती अट काढून टाकली. जिना चढलात, मंडईत चालत गेलात, सगळं धरायचं. दुपारची दहा, रात्रीची दहा, सात दिवस. आठवड्याला एकशेचाळीस झाली की.

मामा : आणि हिला पोराने घड्याळ पाठवलंय, ते दहा हजार पावलं मागतं. रात्री नऊला थरथरतं हातावर.

मामी : मी ते फडताळात ठेवलंय.

भाची : उत्तम. दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. जाहिरातीतला आकडा जगभर पाठ झाला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण सत्तावीसशे पावलं चालणाऱ्यांपेक्षा चव्वेचाळीसशे चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक दिसला नाही.

मामा : थांब. सत्तावीसशेच चालणाऱ्या बायका आधीच आजारी नसतील कशावरून? आजारी माणूस चालतंच कमी. त्यात पावलांचं काय कौतुक?

हा प्रश्न मामांनी विचारला याचा मला आनंद झाला. अभ्यासकर्ते वय, आजार वगैरे हिशोबात घेतात, तरी निरीक्षणावर बेतलेल्या अभ्यासात ही शंका पुरती जात नाही. भाचीने ते मान्य केलं. तिचं म्हणणं एवढंच की, शंका दोन्ही बाजूंना लागू आहे. दहा हजारच्या बाजूला तर शंका घेण्यापुरताही पुरावा नव्हता.

पण मामांची खरी तक्रार आकड्यांची नव्हतीच.

मामा : मला एक दिसतंय, ते ऐक. तीन बैठकांनी माणसाच्या अंगात काही येत नाही. भारी काहीतरी समोर असलं की माणूस ताठ होतो. खाशाबा जाधव आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. गावोगाव वर्गणी गोळा करून हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते काय ‘जमलं तर बघू’ म्हणून? १९५२ चं कांस्यपदक डोळ्यासमोर मोठं ठेवल्याशिवाय येत नाही.

भाची : १९४८ ला लंडनला सहावे आले होते. चार वर्षांत सहावरून तीन. तीनच पायऱ्या चढले बघा.

मामा : वजनगट वेगळे होते! आणि चेष्टा करू नकोस. सोपं ठरवलं की माणूस सोप्यावरच थांबतो. दहा मिनिटं चालून येतो, ‘आज व्यायाम झाला’ म्हणतो आणि प्लेटभर भजी खातो. माझ्या वर्गातली मुलं मी बघितलीत. ‘जमेल तेवढं पळा’ म्हटलं की अर्ध्या मैदानात बसायची. ‘चार फेऱ्या, मी मोजतोय’ म्हटलं की पळायची.

मामांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या बाजूने मानसशास्त्रातलं चांगलं भक्कम काम उभं आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोघांनी कित्येक वर्षांचे प्रयोग गोळा करून १९९० साली मांडलं की, नेमकं आणि अवघड लक्ष्य दिलेली माणसं ‘जमेल तेवढं करा’ सांगितलेल्यांपेक्षा जास्त काम करून दाखवतात. मामांच्या चार फेऱ्या म्हणजे तेच. फक्त त्या सिद्धान्ताला अटी आहेत. लक्ष्य त्या माणसाने मनापासून स्वीकारलेलं हवं, आणि ते गाठण्याची कुवत त्याच्यात हवी. मामांच्या योजनेत मामींची कुवत कुणी तपासली नव्हती आणि स्वीकाराचा तर विषयच निघाला नव्हता. उलट भाचीच्या योजनेत नेमकेपणा होता, पण अवघड काही नव्हतं. आणि ते तीन पुढे कुठे जाणार, हे तिनेही अजून सांगितलेलं नव्हतं. लहान लक्ष्यांचं गुणगान करणारे बरेचसे लोक इथेच थांबतात आणि मामांसारख्यांना आयतं कोलीत देतात.

भाची : मामा, तालमीत पहिल्या दिवशी वस्तादांनी तुमच्याकडून काय करून घेतलं?

मामा : पहिल्या दिवशी? हौद्यातली माती उकरायला लावली. खोरं हातात दिलं. आठवडाभर तेच. तेल, ताक, हळद घातलेली ती माती, ओली जड. खांदे भरून यायचे. मग थोडे जोर, थोड्या बैठका. कुस्ती कुठली, अंगाला अंग लावू द्यायला महिना गेला.

भाची : आणि बैठका वाढवायच्या कशा?

मामा : वस्ताद सांगतील तशा. आज अमुक, चार दिवसांनी पाच जास्त. जास्त मारल्या तर शिव्या, कमी मारल्या तर छडी.

भाची : मग वस्तादांची पद्धत आणि माझी पद्धत यात फरक काय राहिला?

मामा : वस्तादाचा! अगं, तोच तर फरक आहे. पाच वाढवायच्या हे पोराने नाही ठरवलं, वस्तादाने ठरवलं. पोराच्या हाती असतं तर आज अंग दुखतंय, उद्या बघू. तुझ्या त्या तीनच्या चार कोण करणार? खुर्ची?

या ठिकाणी मामांनी डाव टाकला आणि तो बरोबर पडला. भाचीला थोडा वेळ लागला.

भाची : बरं. मान्य. मग वाढवायचा नियम आत्ताच लिहून ठेवू, नंतर मनाशी वाटाघाटी नकोत. चौदा दिवसांतले बारा दिवस तीनही खेपा हात न लावता, न धपकता झाल्या, तर पुढच्या दिवसापासून एक जास्त. नाही झाल्या तर तेवढ्याच. कमी कधीच करायच्या नाहीत, ताप आला तरच सुट्टी.

मामा : बारा का? चौदा का नाही?

भाची : कारण एखादा दिवस चुकणारच. सवयींवर लंडनमध्ये एक अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. रोजची एक गोष्ट अंगवळणी पडायला मध्यावर असलेल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. ते तुमचं शाळेतलं ‘एकवीस दिवस’ विसरा. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. बिघडतं ते ‘आता चुकलंच आहे तर सोमवारपासून बघू’ म्हटल्यावर. म्हणून वाईटात वाईट दिवशी जमेल तेवढंच ठरवायचं. गौरी-गणपतीत घरात पंधरा माणसं असताना मामी किल्ला चढतील? नाही. मोरीपाशी तीनदा उठबस करतील? करतील.

मामी : मला आता कुणी विचारणार आहे का, की चहा टाकू?

मामा : विचारायचं काय त्यात? साखर उतरवायचीय तुझी.

मामी : साखर तुमच्या त्या कागदावर आहे. मला परवा, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, हळदीकुंकवाला खाली बसल्यावर उठताना शेजारणीचा खांदा धरावा लागला. ते मला नकोय. आणि दुसरं, माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला जाते ना, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं. दरवर्षी आपण गाडीने जाऊन बघून येतो. एकदा मला लोणंदपासून चालत जायचंय.

मामा : एवढंच? आठच किलोमीटर असेल ते. चल, पुढच्या रविवारी जाऊन येऊ!

भाची : मामा!

माझ्या मते या वादातलं सगळ्यात उपयोगी वाक्य मामींचं होतं. साखरेचा आकडा त्यांना तीन महिन्यांतून एकदा दिसणार. खांदा न धरता उठणं आणि माउलींबरोबर एक मजल चालणं या गोष्टी त्यांच्या त्यांना कळणार होत्या. मामांना हवं होतं तसं ताठ करणारं काहीतरी त्यात होतं, आणि भाचीची खुर्ची त्या दोन्ही ठिकाणी घेऊन जाणारी होती. मग गाडी भराभर पुढे गेली. वारीत चाल संथ असते, पण गर्दीत थांबून थांबून तीन तास तरी पायांवर राहावं लागतं, म्हणून रविवारी एक लांबची फेरी. आधी वीस मिनिटांची, दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं जास्त. चैत्र-वैशाखात उन्हं कलल्यावर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची : ज्या आठवड्यात फेरी वाढली त्या आठवड्यात खुर्ची आहे तेवढीच.

मामी : आणि वेग? हे झपाझपा पुढे जातात.

भाची : चालताना हरिपाठ म्हणा. अगदी निवांत, चालीवर म्हणता आला तर पाय थोडे उचला. चाल जमेना, पण नुसतं बोलता येतंय, तर वेग बरोबर आहे. बोलणंच बंद झालं तर हळू व्हा.

मामा : आणि मी काय करायचं? वस्ताद लागतो हे तूच मान्य केलंस.

भाची : तुम्ही रात्री बरोबर चालायचं. पुढे नाही, शेजारी. मोजायचं मामींनी, कालनिर्णयावर खूण करायची मामींनी. तुम्ही चौदाव्या दिवशी खुणा तपासायच्या आणि नियमाप्रमाणे वाढ सांगायची. मधे बोलायचं नाही.

मामी : गल्लीत रात्री कुत्री असतात. काठी घ्या बरोबर.

मामा : म्हणजे चाळीस वर्षं पोरांना पळवलेला माणूस आता काठी घेऊन शतपावलीला. बरं, किल्ल्याचं काय? पूर्ण रद्द?

भाची : उन्हाळ्यात किल्ल्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत जा एखाद्या रविवारी. उतरताना मामींचा वेग, तुमचा नाही.

मामा : आणि रथसप्तमीला १०८ नमस्कार?

भाची : तुम्ही घाला. तुमचं अंग तयार आहे, तुम्हाला कोण अडवतंय? मामी त्या दिवशी चार वेळा खुर्चीवरून उठतील.

मामा : हं. आणि वारी झाल्यावर? तिथे गाठलं की संपलं. माझा मुद्दा तोच आहे, लहान ठेवलं की माणूस तिथेच बसतो.

मामी : बसत नाही. पुढच्या वर्षी तरडगाव ते फलटण.

भाची : मामी, ती मजल विसेक किलोमीटरची आहे. लोणंद-तरडगावच्या दुपटीहून जास्त.

मामी : मला नको सांगूस. माहेर आहे माझं फलटण.

मामा : मग वारीहून आल्या आल्या सुरू करू!

भाची : आल्यावर पंधरा दिवस काही वाढवायचं नाही. दसऱ्यानंतर बघू.

मामा : गणपतीनंतर का नाही?